घरचा नाताळ: कडेकडून शिवलेली गोधडी आणि मुरवलेला केक

नाताळच्या फराळाचं निम्मं काम वाट पाहण्याचं असतं. सुकामेवा मुरतो, रवा फुगतो, केक मंद आचेवर पावणेदोन-दोन तास भाजत राहतो. या वेळात ओव्हनसमोर उभं राहून काही होत नाही आणि घर सोडून बाहेरही पडता येत नाही. पाहुणेरावळे नसलेल्या, दोन-चार माणसांच्या नाताळात हा सगळा वेळ हातशिलाईच्या गोधडीला द्यावा असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी गोधडी अशी हवी, जी कुठल्याही टाक्यावर खाली ठेवता येते. आणि फराळ एवढाच करायचा, जो एका माणसाच्या हातून होतो.

आपल्याकडची नेहमीची गोधडी किंवा वाकळ करताना सगळे थर एकावर एक अंथरतात, ते कच्च्या टाक्यांनी टाचून घेतात आणि मग धावदोरा भरतात. यासाठी मोठी मोकळी जमीन लागते आणि टाचणं एका बैठकीत संपवावं लागतं. अर्धवट टाचलेली गोधडी गुंडाळून ठेवली की थर सरकलेच. नाताळच्या दिवसांत हॉलमध्ये येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा आणि तारे, स्वयंपाकघराच्या ओट्यावर केक, अशात एवढी जागा मिळणं कठीण.

म्हणून मी सिद्दी बायकांची पद्धत सुचवते. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले, त्यांतले बरेच पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात गुलाम म्हणून आले आणि तिथून सुटून घाटातल्या जंगलात वसले. आज त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि कॅथलिक असे तिन्ही आहेत. त्यांची गोधडी म्हणजे कवंदी. तिच्यात वरचा थर आधी जोडून घेत नाहीत. कडेपासून सुरुवात करून ठिगळ ठेवायचं, शिवायचं, पुढचं ठिगळ ठेवायचं, असं फेरी घेत मध्यापर्यंत येतात. चौकट लागत नाही, जमिनीवर किंवा मांडीवर काम चालतं. चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. कॅथलिक घरांतल्या कवंदीवर ठिगळांतूनच क्रूस काढलेला दिसतो, तेव्हा नाताळासाठी ही पद्धत ओढूनताणून आणलेली नाही.

कापड

पहिली गोधडी लहान मुलाच्या मापाची घ्या: तयार माप ९० × ११० सेंटीमीटर. एक जुनी साधी सुती साडी साडेपाच मीटर लांब आणि साधारण ११५ सेंटीमीटर रुंद असते. तिच्यातून तळासाठी ९५ × ११५ चा एक तुकडा आणि मधल्या थरांसाठी ९० × ११० चे दोन तुकडे काढले की पावणेतीन मीटर संपतात. उरलेल्या पावणेतीन मीटरमधून वरची ठिगळं आरामात निघतात. ठिगळांसाठी अर्थातच चार-पाच वेगवेगळी कापडं असली तर मजा आहे. मग साडीचा उरलेला भाग दुसऱ्या गोधडीला ठेवा.

साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. खालचा काठ, फॉलजवळची पट्टी आणि बसताना ताणला जाणारा भाग लवकर विरतो. दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड उभं आणि आडवं ताणून बघा. हलक्या ताणाने फाटलं तर तो भाग टाकून द्या. टिकलं पण विरळ दिसत असेल तर मधल्या थराला चालेल, तळाला किंवा ठिगळांना नाही. जरीचे काठ काढून टाका, ते अंगाला टोचतात आणि त्यात सुई अडकते. सिंथेटिक कापड मिसळू नका. ते सुतीवरून घसरतं, सुई जाताना अडते आणि धुतल्यावर सुती थर आकसतो तेव्हा ते तसंच राहून फुगवटे धरतं.

याच कारणासाठी नवं कापड आधी धुतल्याशिवाय वापरायचं नाही. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आकसू शकतं. ११० सेंटीमीटरला ते तीन ते साडेपाच सेंटीमीटर झालं, आणि जुनी साडी मात्र जागची हलत नाही. सगळं कापड गरम पाण्यात भिजवून, खळ पूर्ण काढून, वाळवून, इस्त्री करून घ्या.

लाल, काळं, गडद निळं कापड असेल तर रंग तपासा. ओल्या पांढऱ्या सुती चिंधीवर ते कापड ठेवून गरम इस्त्री अर्धा मिनिट दाबायची. चिंधी रंगली तर कापड पुन्हा धुवा. तीन धुण्यांनंतरही रंग उतरत असेल तर ते या गोधडीत नको. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सांगतात, पण आजच्या सुती रंगांना त्याचा उपयोग होत नाही. सुटा राहिलेला रंग वारंवार धुऊनच जातो.

हे धुणं, कापणं, इस्त्री करणं सगळं तळणी-भाजणीच्या आधी, म्हणजे नोव्हेंबर संपता संपता उरकून टाका. कापडाचे तुकडे झाकणाच्या डब्यात ठेवा. पीठ आणि खळ यांवर कसर आणि झुरळं येतात, आणि तुपाचा डाग बिनधुतल्या गोधडीत लपून पुढे पिवळा पडतो. डाग पडलाच तर लगेच त्यावर तांदळाचं पीठ किंवा टाल्कम पावडर दाबून तासभर ठेवा, झटका, मग भांड्यांच्या साबणाचा एक थेंब चोळून गार पाण्याने तेवढाच भाग धुवा. डागावर इस्त्री फिरवायची नाही, उष्णतेने तो पक्का बसतो.

शिलाई

दोरा जाड, सुती, पिळाचा हवा. मशीनचाच दोरा असेल तर तो दुहेरी ओवा आणि मेणावरून एकदा ओढून घ्या, म्हणजे गुंता कमी होतो. पॉलिस्टरचा दोरा मजबूत वाटतो, पण तो जुन्या साडीपेक्षा कितीतरी टणक असतो. ताण आला की दोरा टिकतो आणि कापड चिरतं. दोरा तुटला तर परत भरता येतो, चिरलेल्या साडीला ठिगळ लावावं लागतं. सुई लांब, बारीक टोकाची घ्या. दाभण नको, त्याने पातळ साडीला भोकं पडतात. मधल्या बोटात अंगुस्तान घालायची सवय पहिल्या फेरीपासून लावा. चार थरांतून सुई बोटाने ढकलत राहिलं तर दुसऱ्या दिवशी शिवता येत नाही.

तळाचा तुकडा उलटी बाजू वर करून फरशीवर अंथरा. त्यावर मधले दोन थर असे ठेवा की चारही बाजूंनी अडीच सेंटीमीटर तळ बाहेर राहील. हात फिरवून सुरकुत्या काढा आणि दोन कर्णांवर लांब लांब कच्चे टाके घाला. एवढंच टाचणं पुरतं; शिवत तिथपर्यंत आलं की ते उसवून टाकायचे. आता बाहेर राहिलेली अडीच सेंटीमीटरची कड मधल्या थरांवर दुमडून घ्या.

पहिलं ठिगळ कोपऱ्यात येतं. साधारण १२ ते १५ सेंटीमीटर रुंद आणि २० ते २५ लांब असा तुकडा घ्या. त्याच्या बाहेरच्या दोन कडा दीड सेंटीमीटर आत दुमडा आणि तळाच्या दुमडलेल्या कडेला दोन-तीन मिलिमीटर आत ठेवून लावा. कडेपासून अर्धा सेंटीमीटर आत पहिली फेरी सुरू करा. गाठ दोन थरांच्या मध्ये लपवायची: सुई ठिगळाखालून वर काढली की गाठ आत राहते. ठिगळ संपायला दीड-दोन सेंटीमीटर उरलं की पुढचं ठिगळ त्यावर चढवा. पुढच्या ठिगळाची जी कड आधीच्यावर बसते ती दुमडलेली हवी. जी कड पुढे झाकली जाणार आहे ती तशीच मोकळी सोडा. हे एक सूत्र नीट बसलं की बाकी सगळं आपोआप होतं: दिसणारी कड दुमडायची, झाकली जाणारी सोडायची. सगळ्याच कडा दुमडल्या तर जोडावर सात-आठ थर होतात आणि सुई तिथे मोडते.

टाका चार ते पाच मिलिमीटरचा, मधली फट तेवढीच. साध्या जागी सुईवर चार टाके घेऊन एकदम ओढता येतात, जोडावर दोनच घ्या. उजव्या हाताने शिवणाऱ्याने उजवीकडून डावीकडे जायचं, आणि कोपरा आला की हात वाकडा न करता गोधडी फिरवायची. फेरी पूर्ण झाली की धागा न तोडता दोन सेंटीमीटर आत सरकून दुसरी फेरी. दोन ओळींतलं अंतर सारखं ठेवण्यासाठी रेघा मारू नका. डाव्या हाताचं बोट आधीच्या ओळीवर टेकवून शिवलं की पुरतं. थोडी वाकडी ओळ या गोधडीला शोभते, पण अंतर कमीजास्त होत गेलं तर मध्यावर येताना चौकोन तिरका होतो.

ओळी किती जवळ घ्यायच्या यावर गोधडीची ऊब ठरते. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब देते. एक सेंटीमीटरवर ओळी घेतल्या तर गोधडी चिवट होते, वर्षानुवर्षं टिकते, पण चपटी आणि ताठर बनते. दोन सेंटीमीटर हे माप मला सगळ्यांत योग्य वाटतं. कापूस भरायचा विचार असेल तर ही पद्धत सोडून द्या. सुटा कापूस धुतल्यावर गोळा होतो, आणि कडेकडून शिवताना तो मध्याकडे ढकलला जातो.

हिशेब सांगते म्हणजे कामाचा अंदाज येईल. ९० × ११० च्या गोधडीला दोन सेंटीमीटरवर ओळी घेतल्या तर बावीस-एक फेऱ्या होतात आणि एकूण सुमारे ५० मीटर शिलाई भरते. पहिली फेरी चार मीटरची असते आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा १६ सेंटीमीटरने लहान होते. त्यामुळे पहिल्या सात फेऱ्यांतच निम्मी शिलाई संपते. सुरुवातीला गोधडी सरकतच नाही असं वाटतं ते यामुळेच, आणि तिथेच बहुतेकजण काम सोडून देतात. एकेरी जाड दोरा अंदाजे ७५ मीटर लागेल, दुहेरी ओवत असाल तर त्याच्या दुप्पट. सुईत एका वेळी ७० सेंटीमीटरपेक्षा लांब दोरा घेऊ नका. लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून घासून पिंजतो आणि शेवटी तुटतो.

या पद्धतीत खोड येते ती एकाच जागी, मध्यावर. बाहेरच्या फेऱ्या शिवताना तळाचं कापड थोडंथोडं आत ढकललं जातं आणि शेवटच्या चार-पाच फेऱ्यांना मागे चुण्या जमतात. त्यावर उपाय प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला करायचा असतो: गोधडी फरशीवर उलटी पसरून तळहाताने मध्याकडून शिवलेल्या कडेकडे सपाट करायची. दोरा ताणूनही ओढू नका. टाका कापडावर टेकला की थांबायचं. ताणलेल्या टाक्याने कड आकसते आणि मध्य वाडग्यासारखा फुगतो. चुणी आलीच तर शेवटच्या दोन फेऱ्या उसवून तळाचा सैलपणा दोन-तीन ठिकाणी वाटून द्या. एका ठिकाणी मोठी घडी दाबून शिवली तर ती निजलेल्याच्या पाठीला जाणवते.

शेवटचं ठिगळ चारही बाजूंनी दुमडून मध्यावर बसतं. फुलांसाठी दहा सेंटीमीटरचे चौकोन घ्या, कर्णावर दुमडून त्रिकोण करा, पुन्हा दुमडा. असे दोन-तीन रंगांचे त्रिकोण एकात एक सरकवून गोधडीच्या कोपऱ्यावर ठेवा आणि बुडाशी दुहेरी धाग्याने घट्ट शिवा. धुताना सगळा ताण या कोपऱ्यांवर येतो.

एवढं मोठं काम हाती घ्यायच्या आधी हात बसवायचा असेल तर ३० × ४० सेंटीमीटरचा तुकडा करून बघा. गोठ्यातल्या बाळाखाली अंथरायला तो होतो आणि कडेपासून मध्यापर्यंतची सगळी गंमत त्यात कळते.

केक

सुकामेवा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी भिजत घालायचा, म्हणजे नाताळच्या आधीचा चौथा रविवार. १५० ग्रॅम बेदाणे, १५० ग्रॅम काळे मनुके, १०० ग्रॅम बिया काढलेला खजूर, साखरेत मुरवलेली संत्र्याची साल ५० ग्रॅम आणि साखरेत मुरवलेल्या आल्याच्या फोडी ५० ग्रॅम. सगळं बेदाण्याच्या आकाराचं चिरा. कोरड्या काचेच्या बरणीत घालून २०० मिलिलिटर रम ओता आणि दोन दिवसांनी एकदा बरणी हलवा. रम नको असेल तर संत्र्याचा रस चालतो, पण मग महिनाभर मुरवायच्या भानगडीत पडू नका. रसात भिजलेला मेवा बाहेर ठेवला तर आंबतो. तो फ्रिजमध्ये दोन दिवसच भिजवायचा. चेरी आणि टुटीफ्रुटी मी घालत नाही, त्यांचा गोडवा बाकीच्या चवी झाकतो.

केक नाताळच्या आठ-दहा दिवस आधी भाजा. २० सेंटीमीटर व्यासाचं, साडेसात सेंटीमीटर उंचीचं गोल भांडं लागेल. बुडाला आणि कडेला बटर पेपरचे दोन थर लावा. भांड्याच्या बाहेरून वर्तमानपत्राची चौपदरी पट्टी सुतळीने बांधली तर कडा करपत नाहीत. मात्र तुमच्या ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये, भांडं आणि सळया यांच्यात चार बोटं तरी अंतर राहत असेल तरच हे करा. छोट्या ओटीजीत कागद नकोच.

करपवलेल्या साखरेचा पाक आधी करून गार होऊ द्या. जाड बुडाच्या भांड्यात १०० ग्रॅम साखर कोरडीच मंद आचेवर वितळवा. ती मधाच्या रंगाची होते, मग तांबूस, मग गडद तपकिरी. बारीक धूर सुटायला लागला की गॅस बंद करून ७५ मिलिलिटर उकळतं पाणी कडेकडेने ओता. गार पाणी घातलं तर साखर दगडासारखी आळते आणि शिंतोडे जास्त उडतात. गरम पाण्यानेही उडतात, तेव्हा हात लांब आणि मुलं स्वयंपाकघराबाहेर. धूर दाट होऊन वास जळका आला की तो पाक फेकून द्या. केकमधला कडवटपणा नंतर कशानेही जात नाही.

२०० ग्रॅम लोणी आणि १५० ग्रॅम ब्राउन शुगर फेटा. लोणी बोट दाबल्यावर खड्डा पडेल इतकं मऊ हवं, वितळलेलं नको. डिसेंबरच्या थंडीत ते घट्टच असतं, म्हणून तासभर आधी तुकडे करून बाहेर ठेवा. चार अंडीही फ्रिजबाहेर काढलेली हवीत. थंड अंडं लोण्यात घातलं की मिश्रण फाटतं. एकेक अंडं घालून फेटा. तरीही फाटल्यासारखं दिसलं तर मोजलेल्या मैद्यातला एक मोठा चमचा मैदा घाला, मिश्रण जुळून येतं. मग २२० ग्रॅम मैदा, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, अर्धा-अर्धा चमचा दालचिनी व जायफळाची पूड आणि पाव चमचा लवंगेची पूड एकत्र चाळून हलक्या हाताने मिसळा. गार पाकाचे चार मोठे चमचे घाला. मेवा निथळून (उरलेली रम ठेवून द्या) दोन चमचे मैद्यात घोळवा आणि ५० ग्रॅम काजूतुकड्यांबरोबर शेवटी घाला.

मेवा तळाशी बसतो त्याची कारणं दोन: तो नीट निथळलेला नसतो किंवा मिश्रण पातळ झालेलं असतं. हे मिश्रण चमच्यातून ओघळता कामा नये, चमचा झटकल्यावर धपकन पडायला हवं. भांड्यात घातल्यावर मध्यभागी चमच्याने थोडा खोलगटपणा करा, म्हणजे केक वर फुगून फाटत नाही.

ओव्हन १५० अंशांवर, वेळ पावणेदोन ते दोन तास. घरगुती ओटीजीचा तापमानाचा खटका वीसेक अंशांनी सहज चुकतो. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तापमापक घेतला तर केकसाठी तुम्ही खरेदी केलेली ती सगळ्यांत उपयोगी वस्तू ठरेल. वरची सळई केकच्या फार जवळ असेल तर पहिल्या तासानंतर वर फॉइल सैल टाका. त्याआधी दार उघडायचं नाही. गार हवा शिरली की मध्य बसतो आणि मग वर येत नाही. हा एक तास गोधडीचा. हात साबणाने धुऊन, पुसून, कोरडे करून एक मोठी फेरी निवांत होते. पावणेदोन तासांनी मध्यात सळई घालून बघा. मेव्याचा चिकटपणा लागला तर हरकत नाही, ओलं पीठ लागता कामा नये.

केक गरम असतानाच वर काडीने भोकं पाडून उरलेल्या रममधले दोन चमचे शिंपडा. भांड्यातच पूर्ण गार होऊ द्या, मग बटर पेपरमध्ये आणि त्यावर फॉइलमध्ये गुंडाळा. चार दिवसांनी पुन्हा एक चमचा. फॉइल थेट केकला लावू नका, फळांच्या आंबटपणाने ती काळी पडते. संत्र्याच्या रसाचा केक असेल तर तो नाताळच्या दोन दिवस आधी करा आणि चार-पाच दिवसांत संपवा.

बाथ

गोव्यात ज्याला बातिका असंही म्हणतात तो हा रव्या-नारळाचा केक. माझ्या मते शांत नाताळासाठी फराळात एकच पदार्थ करायचा असेल तर हाच. बिबिंका या थरांच्या केकसाठी एकेक थर वरच्या आचेवर भाजत दिवसभर उभं राहावं लागतं, दोदोल ही नारळ-गुळाची मिठाई ढवळायला दोन माणसं लागतात. बाथ रात्रभर आपला आपण तयार होतो.

एका नारळाचं फक्त पांढरं खोबरं, साधारण २०० ग्रॅम, १०० मिलिलिटर नारळाच्या दुधाबरोबर बारीक वाटा. १२५ ग्रॅम लोणी आणि २५० ग्रॅम साखर फेटून त्यात चार अंड्यांचे बलक, वाटलेलं खोबरं, २५० ग्रॅम बारीक रवा, चिमूटभर मीठ आणि वेलची किंवा गुलाबपाणी घाला. झाकून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. अंड्यांचे पांढरेही वेगळे झाकून तिथेच ठेवायचे. सकाळी दोन्ही बाहेर काढून तासभर थांबा. मिश्रण घट्ट झालेलं असेल, कारण रव्याने सगळा ओलावा ओढून घेतलेला असतो. याच फुगण्यावर बाथ अवलंबून आहे. दोन तासांत घाई करून भाजलात तर रवा दाताखाली वाळूसारखा लागतो. जाड रवा वापरला तरी तेच होतं. मिश्रण चमच्याने ढवळणं जड जात असेल तर दोन-तीन चमचे दूध घाला. एक चहाचा चमचा बेकिंग पावडर मिसळा, मग पांढरे घट्ट फेस येईपर्यंत फेटून तीन वेळा करून हलकेच घाला.

२० सेंटीमीटरच्या भांड्यात, १७५ अंशांवर ४५ ते ५५ मिनिटं. वर जाळी करायची असेल तर पन्नास ग्रॅम मैदा, चमचाभर तूप आणि थोडं पाणी यांची घट्ट कणीक मळून पातळ पट्ट्या कापा आणि भाजायला ठेवायच्या आधी तिरक्या अंथरा. बाथ त्याच दिवशी कापू नका. दुसऱ्या दिवशी खोबऱ्याचा ओलावा सगळीकडे पसरतो आणि वडी नीट सुटते. ओल्या नारळामुळे तो बाहेर दोनच दिवस टिकतो, नंतर फ्रिज.

कुलकुल मात्र थोडक्यात. २५० ग्रॅम मैदा, एक मोठा चमचा बारीक रवा, ४० ग्रॅम पिठीसाखर, चिमूट मीठ आणि २५ ग्रॅम कडकडीत तुपाचं मोहन, हे ७५ ते ९० मिलिलिटर नारळाच्या दाट दुधात मळून तासभर झाकून ठेवा. छोट्या गोळ्या काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळा आणि मध्यम आचेवर तळा. साखर जास्त झाली तर ती तेलात विरघळून कुलकुल सुटतात. मोहन जास्त झालं तरी तेच. तेल फार तापलं तर बाहेरून लाल आणि आत कच्चे राहतात. एकट्या माणसाने याहून जास्त पीठ मळू नये. गुंडाळता गुंडाळता उरलेलं पीठ वाळतं आणि वळ नीट उठत नाहीत. तळणीच्या दिवशी गोधडी डब्यातून काढायचीच नाही. तळणाचा वास सुतात शिरला की एका धुण्यात जात नाही, आणि हात कितीही धुतले तरी नखांच्या कडेला तेल राहतंच.

गोधडी नाताळपर्यंत पुरी व्हायला हवी असा हट्ट धरू नका. सहा जानेवारीला तीन राजांचा सण आहे, गोव्यात रेइश मागुश, चांदर, कासावली इथे तो थाटात होतो. तोवरचे दिवस नाताळचेच. २५ डिसेंबरनंतर स्वयंपाकघर मोकळं असतं आणि राहिलेल्या आतल्या फेऱ्या छोट्या असतात, त्या भराभर होतात.

पुरी झाल्यावर पहिलं धुणं गार पाण्यात, हाताने, सौम्य साबणाने. पिळायची नाही. दाबून पाणी काढा, कोरड्या पंचात गुंडाळून पुन्हा दाबा आणि दोन दोऱ्यांवर आडवी टाकून सावलीत वाळवा. ओली गोधडी एका कडेवर लटकवली तर सगळं वजन त्या कडेच्या शिलाईवर येतं आणि कोपऱ्यातली फुलं ओढली जातात. वाळल्यावर ती थोडी आकसलेली, सुरकुतलेली दिसेल, तशीच हवी. इस्त्री करून सपाट करू नका. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, सुती चादरीत गुंडाळून ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जुनी साडी घडीच्या रेषेवर चिरते.